वीर्यतपासणी 'निल' आल्यावर: कारण न शोधता इक्सी करावे का?

प्रश्न: माझे वय 33 आणि पत्नीचे 28 आहे. लग्नाला चार वर्षे झाली. पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. माझ्या वीर्याची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा शुक्राणू 'निल' आले. पत्नीचे अहवाल चांगले आहेत. वृषणातून सुईने शुक्राणू काढून लगेच इक्सी (प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र) करावे, आणखी तपासण्यांवर खर्च करू नये, असे एका केंद्राने सांगितले आहे. शुक्राणू मिळतात तर कारण शोधण्याची गरज काय? या दोषाचा माझ्या स्वतःच्या प्रकृतीशी काही संबंध असतो का? आणि मुलगा झाला तर त्यालाही हेच भोगावे लागेल का? दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. मला एक धाकटा भाऊ आहे, त्याचे लग्न व्हायचे आहे.

उत्तर: इक्सीची तारीख ठरली असेल तर ती तूर्त पुढे ढकलावी, असे मी आधीच सांगून टाकतो. पत्नीचे वय 28 आहे, त्यामुळे तपासण्यांत दोन-तीन महिने गेल्याने काहीही बिघडत नाही. तुमच्या बाबतीत शुक्राणू बहुधा सहज मिळतील. खरा प्रश्न ते मिळाल्यानंतर त्यांच्याबरोबर बाळाकडे काय जाईल हा आहे, आणि त्याची खूण तुम्ही पाठवलेल्या अहवालांतच आहे.

'निल' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असल्यामुळे सर्वांची नजर तेथेच थांबते. त्याच्या वरच्या ओळी वाचा. वीर्याचे प्रमाण एकदा 0.6 मिलिलिटर आणि दुसऱ्यांदा 0.7 मिलिलिटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या प्रयोगशाळा-पुस्तिकेप्रमाणे त्याची खालची मर्यादा 1.4 मिलिलिटर आहे. सामू, म्हणजे पीएच, 6.6 आहे, तो साधारणतः 7.2 च्या वर असावा लागतो. फ्रुक्टोजपुढे 'निगेटिव्ह' लिहिले आहे. दुसऱ्या कागदावर एफएसएच, म्हणजे वृषणाला चालना देणारे संप्रेरक, 4.2 आहे, म्हणजे अगदी व्यवस्थित आहे. वृषणात शुक्राणू तयार होण्याचे काम कोलमडले असते, तर मेंदूतल्या ग्रंथीने एफएसएच वाढवून वृषणाला जोर लावायला सांगितले असते. ते बहुतेक वेळा अहवालात दिसते, तुमच्या अहवालात ते दिसत नाही.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. निम्म्याहून बराच अधिक द्रव शुक्राशयांतून, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन छोट्या पिशव्यांतून, येतो. तो अल्कधर्मी असतो आणि फ्रुक्टोज ही साखर त्यातूनच येते. उरलेला बराचसा भाग प्रोस्टेटचा असून तो आम्लधर्मी असतो. म्हणून द्रव थोडा, आम्लधर्मी, फ्रुक्टोज नाही आणि शुक्राणूही नाहीत, अशा चार गोष्टी एकत्र दिसल्या, तर शुक्राशय आणि शुक्रवाहिन्या (वृषणाकडून शुक्राणू वर नेणाऱ्या नळ्या) यांच्याकडून काहीही बाहेर पोहोचत नाही, असा अर्थ होतो. याची कारणे मोजकीच आहेत. नमुना देताना काही भाग सांडला असेल तर प्रमाण कमी येते, पण तसे दोन्ही वेळा होणे आणि सामूही बदलणे संभवत नाही. मधुमेहात किंवा काही औषधांमुळे वीर्य उलटे मूत्राशयात जाते. त्यासाठी नमुना दिल्यानंतरची लघवी तपासावी लागते. वीर्यवाहक नळीच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ, खडा किंवा क्षयरोगाचा व्रण असेल तर तेथे अडथळा येतो, आणि हा अडथळा दुर्बिणीतून मोकळा करता येण्याजोगा असतो. चौथे कारण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या जन्मतःच तयार न होणे. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत हे साधारण 1 ते 2 टक्के आढळते. तुमच्या अहवालाशी सर्वांत जास्त जुळते ते हेच.

या चारांतले कोणते हे ठरवण्याची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांची बोटे. शुक्रवाहिनी वृषणाच्या वर, त्वचेच्या खाली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सरकवून पाहता येते. पीळ दिलेल्या सुतळीसारखी ती कडक लागते आणि रक्तवाहिन्यांच्या मऊ गुंत्यातून लगेच वेगळी कळते. खोली उबदार असावी, रुग्णाला उभे करावे, दोन्ही बाजू सावकाश तपासाव्यात. वृषणाचा आकार एका माळेतल्या 1 ते 25 मिलिलिटर मापाच्या मण्यांशी ताडून पाहतात. शुक्रवाहिन्या नसलेल्या पुरुषाचे वृषण सामान्य आकाराचे असते, त्याच्या मागे अधिवृषणाचे, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या गुंडाळलेल्या नळीचे, डोके भरलेले, किंचित फुगलेले लागते, आणि त्यापुढे सुतळी लागतच नाही. सारी तपासणी पाच मिनिटांची आहे. तरीही सोनोग्राफी, संप्रेरके, तीन-तीन महिन्यांची औषधे असे सारे झालेले, पण कोणीही हात लावून तपासलेले नाही, असे पुरुष माझ्याकडे नेहमी येतात. फाइल पत्नीच्या नावाची असते, तपासण्या तिच्या होतात आणि पती नमुन्याची डबी देऊन बाहेर बसतो. तुमच्या पत्रातही तपासणी झाल्याचा उल्लेख नाही.

आता कारण शोधण्याची गरज काय, हा तुमचा पहिला प्रश्न. शुक्रवाहिन्या जन्मतः नसणाऱ्या बहुसंख्य पुरुषांत सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकात बदल सापडतो. हे जनुक 1989 मध्ये शोधले गेले ते सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या निमित्ताने. या आजारात फुप्फुसांत चिकट कफ साठून पुन्हा पुन्हा संसर्ग होतो, स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात पोहोचत नाहीत, मूल वाढत नाही आणि घामातून मीठ फार जाते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्हींत तीव्र बदल असेल तर हा आजार होतो. एक तीव्र आणि एक सौम्य बदल असेल, तर अनेकदा फुप्फुसे आणि पचन जवळपास ठीक राहते आणि परिणाम फक्त शुक्रवाहिन्यांवर होतो. असा पुरुष धडधाकट असतो, त्याला आपल्याकडे काही आहे याची कल्पनाही नसते, आणि निसर्गतः त्याला मूल होत नसल्यामुळे ते बदल पुढे जात नाहीत. सुईने शुक्राणू काढून इक्सी केले की ही अडवणूक उठते. ती उठवण्यात काही गैर नाही, पण उठवण्याआधी मागे काय आहे ते पाहायला हवे.

तुमच्या पत्रातले मामाच्या मुलीविषयीचे वाक्य मला म्हणूनच अहवालाइतके महत्त्वाचे वाटते. तुमच्या दोन्ही प्रतींत बदल आहे असे समजू. त्यांतला एक वडिलांकडून आणि एक आईकडून आला. आईकडे जो बदल आहे तोच तिच्या सख्ख्या भावाकडे, म्हणजे तुमच्या मामांकडे, असण्याची शक्यता निम्मी, आणि मामांकडून त्यांच्या मुलीकडे येण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे तुमची पत्नी त्याच बदलाची वाहक असण्याची शक्यता चारात एक आहे. बाहेरच्या स्थळातल्या मुलीच्या बाबतीत ती याहून कितीतरी कमी असते. ज्या युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार सर्वाधिक आढळतो, त्यांच्यातही पंचविसात एक जण वाहक असतो. पत्नी वाहक निघाली, तर तुमच्याकडून प्रत्येक अपत्याला एक बदललेली प्रत जाणारच असल्यामुळे, दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता दर गर्भामागे निम्मी होते. ते बाळ खरोखर आजारी होईल, की फक्त मुलाला तुमच्यासारखाच त्रास होईल, हे कोणते दोन बदल एकत्र आले यावर अवलंबून राहील. पत्नी वाहक नसेल, तर सर्व अपत्ये केवळ वाहक असतील आणि मुलांच्या शुक्रवाहिन्या तयार होण्यास सहसा अडचण येणार नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे तुमच्याइतकेच पत्नीच्या रक्ततपासणीत आहे.

हा आजार भारतात होत नाही, असे पूर्वी सर्रास मानले जाई. तो होतो. वारंवार न्यूमोनिया, दमा, क्षयरोग किंवा कुपोषण म्हणून उपचार चालू असलेल्या काही मुलांत नंतर तोच निघतो. युरोपात सर्वाधिक आढळणारा डेल्टा एफ 508 हा बदल भारतीयांत त्यामानाने कमी आढळतो, आणि यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहते. ठरावीक बदलांचीच यादी तपासणारी स्वस्त चाचणी 'निगेटिव्ह' आली, तरी आपल्या लोकांत तिच्यावर विसंबता येत नाही. संपूर्ण जनुकाचे वाचन करून घ्यावे, आणि '5टी' हा सौम्य बदल त्यात पाहिला जातो का, हे प्रयोगशाळेला आधी विचारावे, कारण शुक्रवाहिन्या नसणाऱ्यांत तोच वारंवार सापडतो. अहवाल जनुकीय समुपदेशकाकडून समजून घ्यावा. पती-पत्नी दोघांचे रक्त एकाच वेळी द्यावे म्हणजे वेळ वाचतो.

दोघांतही बदल निघाले तरी मार्ग बंद होत नाहीत. इक्सीने तयार झालेल्या गर्भाच्या काही पेशी गर्भाशयात सोडण्यापूर्वी तपासता येतात. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्यात आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी अशा तपासणीला वाव आहे. मुलगा की मुलगी हे पाहण्यास मात्र 1994 च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे. हे नको असेल तर गर्भधारणेनंतर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासणी करता येते, पण त्यानंतर घ्यावा लागणारा निर्णय अवघड असतो आणि त्याचा विचार आधीच व्हावा. दात्याचे वीर्य हा तिसरा मार्ग. अशा वेळी घरातली मंडळी धाकट्या भावाचे वीर्य सुचवतात. कायद्याप्रमाणे दात्याचे वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागते, आणि तुमच्या बाबतीत तर भावाकडेही तेच बदल असू शकतात, म्हणून हा विषय घरात निघाला तर तेथेच थांबवावा.

शुक्राणू काढण्याविषयी थोडक्यात. अशा रुग्णांत शुक्राणू तयार होण्याचे काम चांगले चालू असल्यामुळे अधिवृषणातून किंवा वृषणातून ते जवळजवळ नेहमीच मिळतात. जागा बधिर करून हे करता येते. ते गोठवून ठेवावेत म्हणजे पुन्हा सुई टोचावी लागत नाही. जी नळी तयारच झाली नाही ती शस्त्रक्रियेने जोडता येत नाही, त्यामुळे तसा सल्ला कोणी दिल्यास स्वीकारू नये.

दुसरा प्रश्न तुमच्या स्वतःच्या प्रकृतीचा. गर्भावस्थेत शुक्रवाहिनी आणि मूत्रपिंड यांची घडण एकाच नळीशी निगडित असते. त्यामुळे शुक्रवाहिनी नसलेल्या काही पुरुषांत एका बाजूचे मूत्रपिंडही नसते, विशेषतः ज्यांच्या सीएफटीआर जनुकात बदल सापडत नाही त्यांच्यात. पोटाची साधी सोनोग्राफी करून घ्या. एकच मूत्रपिंड असल्याचे कळले तर रक्तदाबावर लक्ष ठेवणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे एवढ्याने पुढची हानी टळते. जनुकात बदल निघाला, तर सायनसचा जुनाट त्रास, सकाळचा कफ, पोटात अचानक उठणारी तीव्र कळ यांची चौकशी आणि घामातील क्लोराइडची तपासणी व्हावी. क्वचित कारण एक्स गुणसूत्रावरील एडीजीआरजी2 या जनुकात असते. ते मुलाकडे जात नाही. मुलगी वाहक होते आणि दोष तिच्या मुलांत, म्हणजे नातवांत, उमटू शकतो. टेस्टोस्टेरॉन मात्र वृषणातून थेट रक्तात जाते, त्याला शुक्रवाहिनी लागत नाही, म्हणून तुमच्या पौरुषाला कोठेही धक्का नाही.

ज्यांच्या वृषणातच शुक्राणू तयार होत नाहीत, अशा 'निल' पुरुषांचे चित्र निराळे असते आणि प्रकृतीचा प्रश्न तेथे जास्त गंभीर होतो. वृषण अगदी लहान, 4-5 मिलिलिटरचे, आणि एफएसएच खूप वाढलेले असेल, तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमची शंका घ्यावी. 1942 मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत पुरुषाला एक्स गुणसूत्र एक जास्त असते. साधारण 600 मुलग्यांमागे एकाला ती असते आणि बहुतेकांचे निदान कधीच होत नाही. अशा पुरुषाला हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, शिरांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून शोधल्यास त्यांपैकी साधारण 40 टक्के जणांत शुक्राणू मिळतात आणि होणाऱ्या मुलांची गुणसूत्रे बहुधा सामान्य असतात. पण ज्या माणसाला फक्त 'शुक्राणू मिळाले नाहीत' एवढेच सांगून घरी पाठवले जाते, त्याच्या हाडांची आणि साखरेची तपासणी कोण करणार? वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल, तर तो कोणता यावर सारे अवलंबून असते: 'ए' किंवा 'बी' पट्टा पूर्ण गेला असेल तर वृषण उघडण्यात अर्थ नाही, 'सी' पट्टा गेला असेल तर सुमारे निम्म्या जणांत शुक्राणू मिळतात, आणि प्रत्येक मुलाकडे तो दोष जातोच, मुलीकडे मुळीच नाही. अशा मुलाला वयात आल्यावर हे सांगावे आणि विशी ओलांडायच्या आत त्याचे शुक्राणू तपासून गोठवून ठेवण्याचा विचार व्हावा. ज्याला लहानपणापासून अगरबत्तीचा वासही येत नाही आणि दाढी-मिशी उशिरा किंवा फुटलीच नाही, अशा पुरुषात मेंदूकडून येणारी संप्रेरकेच कमी असू शकतात. त्याला इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होतात आणि कित्येकदा इक्सीही लागत नाही. याउलट जिममध्ये किंवा 'काउंट वाढावा' म्हणून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूनिर्मिती बंद पाडते. ते थांबवल्यावर ती पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्षभर, काहींना त्याहून अधिक काळ लागतो.

शुक्राणू कमी असणे आणि एकूण आयुष्य यांच्यात संबंध दिसतो हे खरे. कोपनहेगनमधील एका प्रयोगशाळेत तपासणी झालेल्या 43,277 पुरुषांच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिलिलिटरमागे 4 कोटींपर्यंत शुक्राणू जसजसे जास्त, तसतसा मृत्युदर कमी आढळला. वृषणाचा कर्करोगही वंध्यत्व असलेल्या पुरुषांत जास्त दिसतो, विशेषतः ज्यांचे वृषण जन्मतः खाली उतरले नव्हते त्यांच्यात, जरी भारतात तो एकूण विरळाच आहे. हे निष्कर्ष तुम्ही स्वतःला लावून घेऊ नयेत, कारण तुमचे वृषण निरोगी असावेत असे अहवाल सांगतात. तंबाखू, मिश्री, गुटखा असेल तर सोडावाच, पण त्याने शुक्रवाहिनी तयार होणार नाही. जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांवर 2,370 जोडप्यांत झालेल्या अमेरिकी चाचणीत बाळ होण्याचे प्रमाण वाढले नाही, त्यामुळे तुमच्या खर्चातून ती बाब सरळ वगळा.

इक्सीमुळे बाळावर होणाऱ्या परिणामांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. 1992 मध्ये ब्रुसेल्समधून या तंत्राने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर झाल्या. त्याच केंद्रात इक्सीने जन्मलेल्या 54 तरुणांची 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी पाहा: त्यांच्यात मिलिलिटरमागे शुक्राणूंची मध्यम संख्या 1 कोटी 77 लाख होती, तर नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या समवयस्कांत 3 कोटी 70 लाख. संख्या लहान आहे, आणि यात दोष तंत्राचा नसून वडिलांच्या मूळ कारणाचा असावा असे मला वाटते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील 2012 च्या अभ्यासात जन्मजात व्यंगांचे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत 5.8 टक्के, तर इक्सीत 9.9 टक्के होते. इतर घटक जमेस धरल्यावरही फरक पूर्ण गेला नाही. म्हणजे इक्सीने होणाऱ्या दहापैकी नऊ बाळांत काही व्यंग नसते, आणि तरीही जेथे इक्सी टाळता येते तेथे ते टाळावे. शुक्रवाहिन्या नसल्याचेच निदान झाले, तर तुम्हाला ते टाळता येणार नाही.

आता धाकट्या भावाविषयी, कारण त्याच्या लग्नाचा उल्लेख तुम्ही केला आहे. तुमच्या दोन्ही प्रतींत बदल निघाले, तर त्याच्याही दोन्ही प्रतींत ते असण्याची शक्यता चारात एक आणि एकाच प्रतीत असण्याची निम्मी आहे. त्याने आधी नुसती हाताने तपासणी करून घ्यावी आणि तुमचा जनुकीय अहवाल आल्यावर नेमक्या त्याच बदलांची रक्तचाचणी करावी. ती संपूर्ण जनुक वाचण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. घरात त्याच्यासाठीही मामाची धाकटी मुलगी पाहिली जात असेल, तर हे अहवाल येईपर्यंत बोलणी थांबवावीत, आणि तिची तपासणी तिच्या संमतीने, तिलाच सर्व समजावून सांगून व्हावी. तुम्ही येताना नमुन्याचे दोन्ही मूळ अहवाल, पोटाची सोनोग्राफी आणि पूर्वी हर्निया किंवा हायड्रोसीलची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे कागद आणावेत.